नॉर्वेकरांचा हिवाळा

मुंबईत हिवाळा येत नाही, तो जाहीर करावा लागतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे काम नॉर्वेकर करतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या पहाटे पंखा पाचावरून तीनवर आणावासा वाटला, की हा गृहस्थ कानटोपी, मफलर आणि गुडघ्यापर्यंत पोचणारं निळं जाकीट चढवून दूध आणायला खाली उतरतो. त्या वेळी वॉचमन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात असतो आणि भाजीवाली पदराने वारा घेत असते. नॉर्वेकर दोघांकडे कीव केल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "हवा वाईट नसते. कपडे वाईट असतात."

ही म्हण नॉर्वेतली. नॉर्वेकरांचं आता सगळंच नॉर्वेतलं. खरं आडनाव लेटरबॉक्सवर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा चटकन वळत नाहीत. बँकेच्या ऑडिट खात्यात आयुष्य घालवलेला माणूस. निवृत्त होईपर्यंत हौसेने म्हणून कर्जतच्या पुढे गेला नव्हता. मग लेक-जावयाने ऑस्लोला बोलावून घेतलं, आणि ऐन फेब्रुवारीत जावयाने ट्रोम्सोला एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन सासऱ्याला आठवडाभर ध्रुववृत्ताच्या आत फिरवून आणलं. गाडी जावयाने चालवली. स्वयंपाक लेकीने केला. चाकापुढचं बर्फही जावयानेच फावड्याने उपसलं. नॉर्वेकर पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते आणि वहीत टिपणं काढत होते. आठवडा संपला, वही भरली, आणि आमच्या सोसायटीवर जो हिवाळा आला तो अजून हटलेला नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हा माणूस थापा मारत नाही. थंडी फार पडली की डिझेलमधलं मेण गोठतं आणि इंजिनाला इंधनच पोचत नाही, म्हणून तिकडे हिवाळ्याचं डिझेल वेगळं मिळतं, असं ते सांगतात, ते खरं आहे. तिकडे टायरला खिळे असतात, तेही खरं. उत्तर टोकाच्या नॉर्डकॅपला जाताना शेवटच्या टप्प्यात हिवाळ्यात एकट्यादुकट्या गाडीला सोडत नाहीत. ठरल्या वेळी बर्फ सारणारं यंत्र पुढे निघतं आणि बाकीच्या गाड्या त्याच्यामागे रांगेने जातात, हेही खरं. व्हॅनच्या बंबाला एक झडप असते, तापमान तीन अंशांच्या आसपास आलं की ती आपोआप उघडते आणि नळ्या फुटू नयेत म्हणून टाकीतलं सगळं पाणी रस्त्यावर सोडून देते, हेसुद्धा मी नंतर पडताळून पाहिलं. सगळं बरोबर. नॉर्वेकर बोलतात त्यातलं अक्षरही खोटं नसतं, फक्त इथलं नसतं. ही माणसाची एक वेगळीच जात आहे. खोटारड्याला आपण पकडू शकतो. पन्नास अक्षांश दूरचं खरं बोलणाऱ्याचं काय करणार?

परत आल्यावर त्यांनी ईको घेतली. पांढरी, पाच सीटची, पेट्रोलवर चालणारी. आतल्या बदलांवर त्यांनी वर्षभर विचार केला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती तशीच राहिली पाहिजे; परवानगीशिवाय तिच्यात फेरफार चालत नाहीत. ऑडिटचा माणूस कायद्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. तेव्हा त्या गाडीत कायम बसवलेलं असं काहीही नाही. मागच्या सीटवर फळी टाकली की पलंग, फळी काढली की सीट. गॅसची शेगडी पेटीत, पेटी दोरीने बांधलेली. पडदे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर. भिंतीला आतून बबलरॅप, तोही चिकटपट्टीने. कोणी अडवलं तर हे घर नाही, सामान आहे, असं सांगायची सोय. शिवाय महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्या शासन निर्णयाची लॅमिनेट केलेली प्रत आरशामागे खोचलेली असते. आजवर ती कोणी मागितलेली नाही. नॉर्वेकर मात्र टोलनाक्यावर आपणहून दाखवतात.

आता नॉर्वे कुठे भरवायचं, हा प्रश्न राहिला. महाबळेश्वर त्यांनी बाद केलं, कारण तिथे थंडीपेक्षा स्ट्रॉबेरी जास्त. लोणावळ्याची थंडी ओली असते म्हणाले. माथेरानला तर गाडीच वर जात नाही. शेवटी त्यांनी नकाशा उघडला आणि मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळवर बोट ठेवलं. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी कोपऱ्यातलं हे उंचावरचं पठार. शेजारचं जव्हार मिनी महाबळेश्वर म्हणून मिरवतं, तिथे मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे, दाभोसा धबधबा आहे, हॉटेलं आहेत. सूर्यमाळला यातलं काही नाही. मोकळा माळ, विखुरलेले पाडे, आश्रमशाळा, आणि डिसेंबरात रात्री अंगावर येणारा बोचरा वारा. जवळ देवबांधचा गणपती आहे, त्याचं दर्शन घेऊन लोक त्याच दिवशी परततात. राहायला कोणी जात नाही, म्हणजे जागा एकदम बरोबर, असं नॉर्वेकरांचं म्हणणं. ज्या गावात दीड-दोन महिने सूर्यच वर येत नाही त्या ट्रोम्सोची हौस फेडायला त्यांनी नेमकं सूर्यमाळ निवडलं, ही गंमत त्यांच्या लक्षात आली नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, आली. पण वहिनी अशा गोष्टी लगेच बोलून दाखवत नाहीत, साठवून ठेवतात.

मला बरोबर नेलं ते "सहप्रवासी" म्हणून. तिकडे एकट्याने थंडीत बाहेर पडत नाहीत म्हणे.

निघण्याआधी याद्या झाल्या. लोकरीचे तीन थर, फावडं, टो करायची दोरी, टॉर्च, सुटे सेल, डिझेलवर चालणारा हीटर. गाडी पेट्रोलची असल्यामुळे हीटरसाठी डिझेलचा वेगळा कॅन. हीटर बाहेरची हवा घेतो आणि धूरही नळीने बाहेर सोडतो, हे त्यांनी मला आकृती काढून समजावलं. बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणारा माणूस सकाळी उठत नाही, हेही सांगितलं. हे एक वाक्य मात्र कुठल्याही अक्षांशावर खरं आहे, आणि माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यात कामाचं. शेवटी पाण्याचे दोन मोठे कॅन भरले, घरच्या नळाचं पाणी. "परक्या ठिकाणच्या पाण्याचा भरवसा नको," नॉर्वेकर म्हणाले.

इथे थोडं थांबायला हवं. मुंबईच्या नळाला येणारं पाणी बऱ्याच अंशी वैतरणेचं. वरचं धरण 1973 सालचं, इगतपुरीच्या बाजूला. मधलं 2014 साली पुरं झालं, ते मोखाडा तालुक्यातच आहे, आणि त्याच्यामुळे मुंबईला दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी वाढवून मिळालं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. म्हणजे मोखाड्याचं पाणी डोंगर उतरून मुलुंडला आलं, मुलुंडच्या नळातून कॅनमध्ये गेलं, आणि कॅनमधून पेट्रोल जाळत परत मोखाड्याला निघालं. एवढ्या मोठ्या पाणीयोजनेतलं एका कॅनभर का होईना पाणी मूळ मालकाकडे परत नेणारा मला ठाऊक असलेला एकमेव मुंबईकर म्हणजे नॉर्वेकर. तेही ते मालकासाठी नेत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शहापूर, खर्डी मागे पडली. कसाऱ्याजवळ नाशिकचा हमरस्ता सोडून डावीकडे विहीगावच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावरचा धबधबा 2001 साली आलेल्या 'अशोका' सिनेमानंतर अशोका धबधबा म्हणून प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात चिटपाखरू नसतं. या वाटेला लागलो आणि एक अडचण सुरू झाली, जी वहीत नव्हती. दर वळणावर माणसं हात दाखवू लागली.

कसारा ते खोडाळा ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. एसटीची वाट बघून कंटाळलेला माणूस इथे जीपने नाहीतर ईकोने जातो. पांढरी ईको दिसली की ती वडापची, असा हिशेब. नॉर्वेकरांना वाटलं, लोक स्वागत करताहेत. तेही हात हलवू लागले. पहिल्या तिघांना त्यांनी हात हलवून अभिवादन केलं आणि गाडी पुढे काढली. चौथी एक म्हातारी होती, डोक्यावर पाटी, पाटीत दोन कोंबड्या. गाडी थांबली नाही तेव्हा तिने मागून जे काय म्हटलं ते काचा बंद असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही, पण ते स्वागत नव्हतं.

"प्रेमळ लोक आहेत," नॉर्वेकर म्हणाले.

"अहो, ती गाडी थांबवा म्हणत होती," वहिनी म्हणाल्या.

"आपल्याकडे परमिट नाही."

पुढे भाताच्या पेंढ्याने लादलेला एक ट्रॅक्टर लागला. रस्ता मोकळा होता, समोरून काही येत नव्हतं, ट्रॅक्टरवाल्याने हात बाहेर काढून दोनदा पुढे जा अशी खूण केली. नॉर्वेकर जाईनात. डोळे समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मागे ठरावीक अंतर. "अशा रस्त्यावर ओव्हरटेक करत नसतात. पुढच्याने वाट करायची, मागच्यांनी शिस्तीत चालायचं. नॉर्डकॅपला आम्ही असेच गेलो." ट्रॅक्टरवाला थोड्या वेळाने घाबरला असावा. ही गाडी आपल्या मागावर आहे असं वाटून त्याने एका पाड्यापाशी ट्रॅक्टर आत घातला आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत बाहेर काढला नाही.

आणि मग वरून एक टेम्पो उतरताना दिसला.

दिवाळी उरकली, भात झोडून झालं, की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर निघतं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. त्या टेम्पोत तीन-चार घरं असावीत. खाली गोधड्यांची वळकटी, त्यावर माणसं, माणसांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या हातात कोंबड्या. कडेने हंडे, तवा, पत्र्याचा डबा, ताडपत्री, एक सायकल, आणि मागच्या फळीला बांधलेली शेळी. रस्ता अरुंद होता, दोन्ही गाड्यांना थांबावं लागलं.

नॉर्वेकर खाली उतरले. मला वाटलं, आता तरी यांना काही सुचेल. त्यांनी खिशातून वही काढली. टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि खऱ्याखुऱ्या आदराने मला म्हणाले, "जागेचं नियोजन बघा. मला दोन माणसांचं सामान बसवायला वर्ष लागलं. यांनी तर शेळी बसवलीये." मग त्यांनी एका बाईला विचारलं, की हंडे वळणावर घरंगळू नयेत म्हणून तुम्ही काय करता? ती पदर तोंडाला लावून हसली. शेजारचा माणूस म्हणाला, "पोर बसवतो त्याच्यावर." नॉर्वेकरांनी लिहून घेतलं.

या लोकांच्या हिवाळी प्रवासासाठी अजून कोणी धोरण जाहीर केलेलं नाही. टेम्पो खाली गेला, आम्ही वर आलो. वहिनी खोडाळ्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

माळावर पोचल्यावर टेप निघाली. नॉर्वेत 1957 सालचा कायदा आहे, त्याप्रमाणे पडीक रानात कोणीही फिरावं, तंबू ठोकावा. अट एवढीच की वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर. माझ्या मते फार शहाणा कायदा आहे, पण तो करणाऱ्यांनी सूर्यमाळ पाहिलेलं नव्हतं. इथे घरं एकमेकांना चिकटून नसतात. एका घरापासून दीडशे मीटर मोजत गेलं की दुसऱ्या घराच्या अंगणात पाय पडतो. टेप पन्नास मीटरची, तिचं एक टोक माझ्या हातात. मागे आश्रमशाळेची पोरं. त्यांची खात्री झाली, की रस्ता किंवा धरण यातलं काहीतरी येणार. तासाभराच्या मोजणीनंतर नॉर्वेकरांना सगळ्या घरांपासून बरोबर सुटी अशी एक सपाट, सारवलेली, स्वच्छ जागा मिळाली. ते एका म्हाताऱ्याचं खळं होतं.

म्हातारा आला. अंगात साधी बंडी, कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं. त्याने गाडीच्या आत डोकावून पाहिलं, पलंग पाहिला, वहिनींकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "पोरांनी घराबाहेर काढलं का बाबा?"

आता दुसरं कोणतं कारण असणार? चांगले कपडे घातलेलं म्हातारं जोडपं ऐन थंडीत गाडीत झोपायला माळावर येतं, याचा दुसरा अर्थ त्याला लागेना. वहिनी म्हणाल्या, "पोरांनी नाही हो दादा. ह्यांनीच काढलं." म्हाताऱ्याचं समाधान झालं. नवऱ्याने काढलेल्या बायका त्याने पाहिल्या असाव्यात. काढून स्वतःही बरोबर आलेला नवरा मात्र पहिलाच. खळ्यावर सकाळी नागली झोडायची होती, म्हणून त्याने आम्हाला थोडं खालच्या अंगाला, उतारावरच्या पडीक तुकड्यात जागा दाखवली. तासाभराने त्याची सून नागलीच्या भाकऱ्या, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी घेऊन आली. नॉर्वेकरांनी पाकिटातलं सूप काढलं होतं, ते तसंच राहिलं.

रात्री वारा सुटला. नॉर्वेकरांच्या तापमापकाने बारा दाखवले. ते सारखे काचेवर टिचकी मारून पारा खाली येतोय का बघत होते. झोपण्यापूर्वीचे विधी वहीनुसार झाले. वायपर उभे करून ठेवले, म्हणजे बर्फाने काचेला चिकटणार नाहीत. आश्रमशाळेची पोरं ते दोन हात वर केलेलं वाहन बघून पळाली. मग हीटर लागला. बबलरॅपने गुंडाळलेल्या एवढ्याशा ईकोत उत्तर ध्रुवाचा हीटर म्हणजे काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. पाच मिनिटांत मफलर निघाला, दहा मिनिटांत जाकीट, आणि नंतर नॉर्वेकर बनियनवर आले. दार उघडावं लागलं. दारातून डास आले.

"हे तिकडे नसतात," नॉर्वेकर चटाचट हात मारत म्हणाले. "म्हणजे हिवाळ्यात नसतात."

वहिनी उठल्या, चादर घेतली आणि म्हाताऱ्याच्या सुनेकडे चुलीपाशी झोपायला निघून गेल्या. मी पुढच्या सीटवर होतो. मला एवढंच दिसत होतं, की माळावर लांब एक शेकोटी आहे, तिच्याभोवती पाच-सहा माणसं आहेत आणि त्यातल्या एका पोराच्या अंगात पातळ शर्टापलीकडे काही नाही. कपडे वाईट असतात हे नॉर्वेकरांचं वाक्य त्या पोराला कोणी ऐकवू नये असं मला वाटलं. नॉर्वेकर ऐकवून आले. पोराने शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्या निळ्या जाकिटाची बाही चाचपून पाहिली आणि शेकोटीजवळ सरकून त्यांना बसायला जागा केली.

मध्यरात्रीच्या सुमारास माझ्या खांद्याला कोणी गदागदा हलवलं. "उठा, उठा! आभाळ बघा!" डोळे चोळत बाहेर आलो. मोखाड्याच्या दिशेला क्षितिजावर हिरवा उजेड होता. हिरवे पट्टे आभाळात वर जात होते, वाकत होते, एकमेकांतून निघत होते. नॉर्वेकरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ट्रोम्सोला ढग होते," ते म्हणाले. "सबंध आठवड्यात एकदाही दिसला नाही." इतकी वर्षं आम्ही त्यांच्या तोंडून ध्रुवप्रकाश ऐकत आलो होतो, पण तो दिसला नव्हता हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मी काही बोलणार इतक्यात वाऱ्याची दिशा बदलली आणि आवाज पोचला. ढोलकीच्या तालावर दणदणणारा बेस. कुठल्या तरी पाड्यावर हळद होती आणि डीजेवाल्याने लेझर लाइट लावले होते.

नॉर्वेकर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तसा छान दिसतोय." या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं बरंच माफ केलं आहे.

खरा प्रसंग पहाटे घडला. कडक थंडीत गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नसतो. तो ओढलेल्या अवस्थेत गोठला तर सकाळी सुटत नाही. वहीत पान होतं. त्याच पानावर पुढे असंही होतं, की त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला अडसर लावावा. पण ती ओळ पान उलटल्यावर होती. गाडी उतारावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक मोकळा. रात्रभर ती एका दगडाच्या आधाराने कशीबशी थांबून होती. पहाटे नॉर्वेकरांनी आतल्या आत कूस बदलली, तेवढं तिला पुरलं.

मी शेकोटीकडे चहाला गेलो होतो, म्हणून मला ते दृश्य पूर्ण बघायला मिळालं. पांढरी ईको, दोन्ही वायपर वर, पडदे लावलेले, एक शब्द न काढता माळावरून निघाली. घाई नव्हती. बांधापाशी क्षणभर अडखळली, मग विचार करून खाली उतरली आणि कापलेल्या भाताच्या खाचरात पुढची दोन्ही चाकं रोवून थांबली. दार उघडलं. नॉर्वेकर लोकरीचे तीन थर, एक पाय बुटात, अशा अवस्थेत बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बर्फ आहे का?"

पाड्यावरची माणसं जमली. फावडं होतं, टो करायची दोरी होती, पण त्यांनी यातलं काही वापरलं नाही. आठ जणांनी खांदे लावले, म्हाताऱ्याने "हां, हां, हां" असा ठेका धरला, आणि गाडी वर आली. नॉर्वेकर त्यांना समजावून सांगू लागले, की हँडब्रेक का ओढायचा नसतो. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे बाबा. पण ओढत जा."

नंतर जे झालं ते त्या रस्त्याच्या रीतीप्रमाणे झालं. ज्यांनी गाडी काढली त्यांतल्या चौघांना खोडाळ्याला जायचं होतं, दोघांना कसाऱ्याला. त्यांनी विचारलं नाही. फळी काढून बाहेर बांधली, सीट मोकळी केली, आणि मागे सामानावर दोघं, सीटवर चौघं असे बसले. हंडा नव्हता, पण पाण्याचा रिकामा कॅन वळणावर घरंगळू नये म्हणून त्यावर एक पोरगा बसवला. वहिनी पुढे माझ्या शेजारी. परमिटचं नाव कोणी काढलं नाही. मागचं वजन वाढलं की मागच्या चाकांना पकड चांगली मिळते, तिकडे लोक मुद्दाम वाळूच्या पिशव्या टाकतात, असं नॉर्वेकर म्हणाले आणि गाडी चालवू लागले. विहीगावपर्यंत त्यांनी हिवाळ्याचं डिझेल सांगितलं. मागे बसलेला एकजण वसईच्या भट्टीवर कामाला जाणारा होता. तो म्हणाला, आमच्या भट्टीवर पहाटे चिखलात हात घातला की बोटं हातात राहत नाहीत. नॉर्वेकरांनी गाडी हळू केली. "बोटं? मग तुम्ही काय करता?" आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते दुसऱ्याची थंडी ऐकत राहिले. फार वेळ नाही. पुढच्या वळणावर पुन्हा ट्रोम्सो लागलं.

आता हिवाळ्यात दर शनिवारी ते सूर्यमाळला जातात. वहिनी जातातच असं नाही. गेल्या तर म्हाताऱ्याच्या सुनेकडे उतरतात. तुम्हाला जायचं असेल तर सकाळची कसारा लोकल पकडा. स्टेशनबाहेर जीपगाड्यांच्या रांगेत एक पांढरी ईको उभी असते आणि तिच्याजवळचा निळ्या जाकिटातला माणूस "खोडाळा, खोडाळा" असं ओरडत नसला तरी तुमच्याकडे आशेने बघत असतो. खाजगी गाडीने भाडं घ्यायचं नसतं, तेव्हा ते एक पैसा घेत नाहीत. विहीगावपर्यंत डिझेल, खोडाळ्यापर्यंत नॉर्डकॅप आणि पुढे झडप, एवढं ऐकावं लागतं. शक्यतो मागे बसा. सोबत एखादी जाड गोधडी किंवा स्वेटर घेतलात तर जास्तीचाही घ्या, वर पोरांच्या अंगावर काही नसतं. आणि गाडीतून उतरल्यावर हँडब्रेक ओढलाय का तेवढं आपण स्वतः बघा.